परका कोण, हे कोण ठरवतं?

दिवाळी सरली की रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार दिसू लागतात. कलमांना मोहोर येतो तेव्हा ते फवारणीला असतात, फळ धरलं की दिवसा माकडं हाकलतात आणि रात्री बॅटरी घेऊन बागेत फिरतात. मिरकरवाडा, नाटे, हर्णै इथल्या बोटींवरही खलाशी म्हणून नेपाळी तरुण मोठ्या संख्येने आहेत. याच तालुक्यांत सेंट्रिंग आणि गवंडीकामाला मालदा, मुर्शिदाबादकडची बंगाली माणसं असतात. आणि चिऱ्याच्या खाणीवर, कुठे बांधकामावर बांगलादेशातून चोरवाटेने आलेले मजूर पोलिसांना सापडल्याच्या बातम्याही आपण वाचतो.

कायद्याच्या लेखी हे तिघे तीन निराळ्या ठिकाणी उभे आहेत. नेपाळी राखणदार परदेशी आहे, तरी त्याला व्हिसा लागत नाही. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता व मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, फिरण्याची, व्यापारधंदा करण्याची मुभा दिली. मालद्याचा गवंडी भारताचा नागरिक आहे. चिपळूणच्या माणसाचा मुंबईवर जेवढा हक्क, तेवढाच त्याचा रत्नागिरीवर. तिसरा माणूस मात्र बेकायदा स्थलांतरित आहे. त्याच्यासाठी अटक, शिक्षा आणि रवानगी ठरलेली.

अडचण अशी की दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाची भाषा एक, नावं सारखी, चेहरेपट्टी सारखी, ताटातला भात-मासाही सारखाच. मजुरांच्या पत्र्याच्या खोलीत मध्यरात्री हवालदाराने बॅटरी मारली तर उजेडात फरक दिसत नाही. तो फरक कागदांवरून, चौकशीतून, सुनावणीतूनच कळू शकतो.

परदेशी नागरिकांच्या कायद्यावर बोलताना ‘देशाची सुरक्षा हवी की मानवी हक्क’ अशी मांडणी हमखास होते. मला ती पटत नाही, आणि माझी बाजू आधीच सांगून टाकतो. कोणाला देशात येऊ द्यायचं हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा आहे आणि सरकारने तो वापरलाच पाहिजे. पण समोरचा माणूस परका आहे की आपला, हे चौकशी पुरी होईपर्यंत कोणालाच माहीत नसतं. म्हणजे परक्यांना शोधण्याची जी काही पद्धत असेल, तिच्यातून आधी आपल्यालाच जावं लागतं. ती पद्धत घिसाडघाईची असेल तर खरा घुसखोर निसटतो आणि भलताच माणूस सापडतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू.

आपली राज्यघटना मूलभूत हक्क सगळ्यांना सरसकट वाटत नाही. देशात कुठेही फिरणं, कुठेही घर करणं, कोणताही धंदा करणं हे कलम १९ मधले हक्क फक्त नागरिकांचे आहेत. कायद्यापुढची समानता सांगणारं कलम १४ आणि जिवाचं व स्वातंत्र्याचं रक्षण करणारं कलम २१ मात्र भारताच्या भूमीवर असलेल्या प्रत्येक माणसाला लागू आहे, पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो. अटक केली तर कारण सांगायचं, वकील करू द्यायचा, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, हे कलम २२ चं संरक्षणही परदेशी माणसाला मिळतं. शत्रुराष्ट्राचे नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेत, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच डांबून, ठेवलेले लोक हे त्यातले अपवाद.

सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ पुन्हा पुन्हा ओढून दाखवली आहे. १९५५ साली हान्स म्यूलर या जर्मन नागरिकाच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचा केंद्र सरकारचा अधिकार अमर्याद आहे. १९३७ पासून भारतात राहिलेले बेल्जियन मिशनरी लुई द रेड्ट यांनी इथेच राहू देण्याची मागणी केली, तेव्हा १९९१ साली न्यायालयाने सांगितलं की कलम २१ तुमच्या पाठीशी आहे, पण इथे स्थायिक होण्याचा हक्क त्यातून निघत नाही. दुसऱ्या बाजूला १९९६ साली अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांना स्थानिक संघटनांनी हाकलून देण्याची धमकी दिली, तेव्हा याच न्यायालयाने राज्य सरकारला बजावलं की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण करायला तुम्ही बांधील आहात. जम्मूतल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात एप्रिल २०२१ मध्ये दोन्ही सूत्रं एकत्र आली. परत न पाठवलं जाण्याचा हक्क त्यांना नाही, पण पाठवायचं तर ठरलेली कायदेशीर कार्यपद्धती पाळूनच पाठवायचं. थोडक्यात, इथे राहू द्यायचं की नाही हे सरकारच्या हातात आहे; वाटेल तसं वागवणं हातात नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून या विषयाचा नवा कायदा लागू झाला. त्याने चार जुने कायदे रद्द केले. त्यातले तीन, म्हणजे १९२०, १९३९ आणि १९४६ चे, ब्रिटिश अमदानीतले होते. चौथा विमान आणि जहाज कंपन्यांच्या जबाबदारीचा, २००० सालचा. नव्या कायद्यानुसार वैध पासपोर्ट किंवा व्हिसाशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोटा पासपोर्ट वा व्हिसा वापरला तर कैद किमान दोन आणि कमाल सात वर्षांची, दंड एक ते दहा लाखांचा. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेड कॉन्स्टेबल किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलिसाला वॉरंटशिवाय अटक करता येते.

घरगुती निवास चालवणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. गणपतीपुळे, तारकर्ली, गुहागर, दापोलीकडे आता घरोघरी पाहुणे उतरतात. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन द्यावी लागते. पंचतारांकित हॉटेलला जी जबाबदारी, तीच दोन खोल्यांच्या निवासालाही. माहिती देण्याची ही जबाबदारी शिक्षणसंस्था आणि रुग्णालयांवरही टाकलेली आहे. शिक्षणसंस्थांचं मला समजतं. रुग्णालयांविषयी मात्र माझ्या मनात चिंता आहे. दवाखान्यात गेलो तर नाव पोलिसांत जाईल असं वाटलं की कागदपत्रं नसलेली गरोदर बाई बाळंतपण खोलीतच उरकते. तापाने फणफणलेला खलाशी बोटीवरच पडून राहतो. हिवताप आणि क्षय कोणाचा व्हिसा पाहून पसरत नाहीत. या एका कलमाची अंमलबजावणी फार सांभाळून व्हायला हवी.

आता सुरक्षेची बाजू. कोकणातल्या माणसाला ती कोणी पटवून द्यायची गरज नाही. १९९३ च्या जानेवारीत दिघीला शस्त्रं उतरली आणि फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. मेलेल्यांत आणि जखमींत कोकणातल्या चाकरमान्यांची घरं होती. नंतर खटल्यात सीमाशुल्क खात्यातले आणि पोलिसांतलेही काही जण दोषी ठरले, कारण माल उतरत असताना त्यांनी पैसे घेऊन डोळे मिटले होते. २००८ च्या नोव्हेंबरात दहा जण कराचीहून समुद्रमार्गे आले. वाटेत त्यांनी ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी बोट ताब्यात घेतली, तिच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, ठार मारलं आणि कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. १६६ लोकांचा जीव गेला.

या हल्ल्याची एक बाजू फारशी चर्चेत येत नाही. हल्ल्याच्या जागा हेरून ठेवणारा डेव्हिड हेडली भारतात चोरून शिरला नव्हता. अमेरिकन पासपोर्ट आणि रीतसर मिळवलेला भारतीय व्हिसा घेऊन तो अनेकदा आला. २००६ मध्ये त्याने आपलं दाऊद गिलानी हे नाव बदलून घेतलं होतं, त्यामुळे नव्या पासपोर्टवर संशय यावा असं काही उरलं नाही. मुंबईत राहण्यासाठी त्याने जे कार्यालय थाटलं होतं ते चक्क लोकांना परदेशी जायला मदत करणाऱ्या इमिग्रेशन कंपनीचं होतं.

म्हणजे आपल्या किनाऱ्याने पाहिलेल्या दोन सर्वांत मोठ्या जखमांमध्ये एका ठिकाणी आपलेच लाचखोर लोक होते आणि दुसऱ्या ठिकाणी व्यवस्थित शिक्के मारलेला पासपोर्ट. यावरून बेकायदा स्थलांतर निरुपद्रवी आहे असा निष्कर्ष मी काढत नाही. गरीब मजुराला दहा-पंधरा हजारांत खोटा जन्मदाखला काढून देणारा दलाल उद्या तोच दाखला कोणालाही देईल. कागदपत्रांची ही बनावट साखळी हा सुरक्षेचा खरा प्रश्न आहे. पण चिरेखाणीवरच्या तेरा-चौदा मजुरांना पकडून ती तुटत नाही. त्यांना आणणारा मुकादम, राहायला जागा देणारा आणि निम्म्या मजुरीत राबवून घेणारा खाणमालक, दाखला विकणारा दलाल, त्यावर सही करणारा कर्मचारी यांच्यापर्यंत तपास गेला तर ती तुटेल. तो तपास नेटाने व्हावा असं मला वाटतं. मजुराची रवानगी ही त्यातली सर्वांत सोपी पायरी आहे, आणि बहुतेक वेळा तिथेच काम संपल्यासारखं होतं.

आता येतो या विषयाचा गाभा. सिद्ध कोणी करायचं?

साध्या फौजदारी खटल्यात गुन्हा सरकारी पक्षाने सिद्ध करायचा असतो. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याने हे उलटं केलं, आणि २०२५ च्या कायद्यानेही तेच ठेवलं. तू परदेशी आहेस असा प्रश्न उभा राहिला तर मी परदेशी नाही हे त्या माणसानेच सिद्ध करायचं. यामागचं कारण अगदीच चुकीचं नाही. कोण कुठे जन्मला, आईबाप कोण, हे त्या माणसालाच सर्वांत चांगलं ठाऊक असतं. सरकार ते कुठून शोधणार? सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये असमसाठीचा वेगळा कायदा रद्द केला, त्यामागेही हाच विचार होता. तो कायदा सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर टाकत होता आणि त्यामुळे घुसखोर सापडणंच अशक्य झालं होतं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

पण सिद्ध कशाने करायचं? भारतात सामान्य माणसाच्या हातात ‘हा नागरिक आहे’ असं सांगणारा एकच एक कागद सहसा नसतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्या एका संशयिताचा जामीन नाकारताना स्पष्ट केलं की नुसतं आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. नागरिकत्व ठरतं ते १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस नुसत्या जन्मानेच नागरिक आहे. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्याला आईबापांपैकी एक तरी भारतीय असल्याचं दाखवावं लागतं. आणि ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत एक पालक भारतीय असला तरी दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. आज पंचवीस वर्षांच्या मुलाने आपलं नागरिकत्व दाखवायचं म्हणजे आधी आईचं किंवा बापाचं दाखवायचं.

आपल्याच गावात हे करून पाहा. माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर सुलोचना, सासरच्या रेशनकार्डावर वैशाली, मतदार यादीत नवऱ्याचं नाव एका काना-मात्रेच्या फरकाने वेगळं. लग्नात नाव बदलण्याची रीत पाळलेल्या आपल्या आया-मावश्यांना ‘या दोन्ही बाया तुम्हीच’ हे सिद्ध करायला सांगितलं तर कोणता कागद काढतील? चुलत्याने आडनाव जाधव लावलं, बापाने गावावरून लावलं, अशी घरं तर वाडीवाडीत आहेत.

आणि कातकरी? रायगड, ठाणे, रत्नागिरीतला हा समाज केंद्र सरकारच्या यादीत अतिअसुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदलेला आहे. पाऊस उघडला की घरंच्या घरं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात. पोर भट्टीवरच जन्मतं, नोंद कुठे होत नाही. वाडी दुसऱ्याच्या जमिनीवर, त्यामुळे घराचा उतारा नाही. पंतप्रधान जनमन योजनेत २०२३ पासून त्यांच्या आधारसाठी शिबिरं घ्यावी लागली, यावरूनच अवस्था समजते. या मातीतली सर्वांत जुनी माणसं कागदावर सर्वांत पुसट आहेत. परप्रांतातल्या भट्टीवर पोलिसांनी त्यांना अडवून ‘सिद्ध करा’ म्हटलं तर त्यांनी काय दाखवायचं?

ही भीती कल्पनेतली नाही. मे २०२५ मध्ये संशयित बांगलादेशी आणि म्यानमारच्या लोकांची पडताळणी तीस दिवसांत उरका, अशा सूचना केंद्राकडून राज्यांना गेल्या. जून महिन्यात मुंबई आणि मीरा रोड भागात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून उचललं गेलं आणि सीमेपलीकडे ढकललं गेलं. पश्चिम बंगाल सरकारने त्यांचे कागद दाखवले तेव्हा दोन्ही देशांच्या सीमा दलांत बोलणी होऊन त्यांना परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीतून बीरभूमच्या एका गरोदर बाईला कुटुंबासह असंच पाठवलं गेलं. ती परत आली डिसेंबरात, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. ज्यांच्या मागे राज्य सरकार किंवा वकील उभा राहिला त्यांच्या कहाण्या आपल्याला कळल्या.

सिद्ध करण्याचं ओझं माणसावरच ठेवूनही पद्धत न्याय्य करता येते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असममधल्या एका माणसाच्या खटल्यात ते कसं, हे सांगितलं. वेगवेगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग थोडं निराळं होतं, तारखांत फरक होता. तेवढ्यावर त्याला परदेशी ठरवलं होतं. न्यायालयाने तो निकाल पुसला आणि म्हटलं की सरकारला कोणाचंही दार ठोठावून ‘तू परदेशी आहेस असा आम्हाला संशय आहे’ असं म्हणता येणार नाही. संशयाला आधी काही आधार हवा आणि तो आधार त्या माणसाला दाखवला पाहिजे, म्हणजे त्याला उत्तर देता येईल. किरकोळ स्पेलिंगच्या फरकावर कोणाचं नागरिकत्व जाऊ नये. माझ्या मते या विषयातला अलीकडचा हा सर्वांत मोलाचा निकाल आहे. चौकशी करा, कठोरपणे करा, पण काय आरोप आहे ते सांगून करा, एवढंच त्याचं सार आहे. यात सुरक्षेचं काय बिघडतं ते मला कळत नाही.

चौकशीनंतर माणूस खरोखरच परदेशी निघाला तर? शिक्षा भोगून झाल्यावर त्याला मायदेशी पाठवायचं. पण तो देश ‘हा आमचा नाही’ म्हणाला, किंवा पत्ताच सापडला नाही, तर तो कोठडीत किती दिवस राहणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असम सरकारला विचारलं की परदेशी ठरलेल्या लोकांना पाठवायला तुम्ही मुहूर्ताची वाट बघताय का? पत्ता माहीत नाही, हे उत्तर न्यायालयाला पटलं नाही. देश माहीत आहे ना, मग त्या देशाच्या राजधानीत पाठवा. पण परदेशी आहे म्हणून कोणाला कायम डांबून ठेवता येणार नाही.

मुदत नसलेली कोठडी म्हणजे काय, हे रत्नागिरीने फार जवळून पाहिलं आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला ब्रिटिशांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. आरोपपत्र नाही, खटला नाही, सुटकेची तारीख नाही. साम्राज्याच्या सुरक्षेला धोका, एवढंच कारण. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. आज आपण पाहुण्यांना जो थिबा पॅलेस दाखवायला नेतो, ती एका परदेशी माणसाची तीस वर्षांची विनाचौकशी स्थानबद्धता आहे. त्याची नात टूटू रत्नागिरीतच गरिबीत संसार करून, मराठी बोलत, २००० साली गेली.

निर्वासितांचा प्रश्न याच्या शेजारचा, पण वेगळा. मजुरीसाठी आलेला माणूस आणि जीव वाचवायला आलेला माणूस यांत फरक करावा लागतो, आणि आपल्याकडे तो करणारा कायदाच नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. नागरी आणि राजकीय हक्कांचा करार आपण १९७९ मध्ये मान्य केला, पण परदेशी माणसाला बाहेर काढण्याविषयीच्या कलम १३ बाबत आमचा देशी कायदाच चालेल, अशी अट घातली. तरीही १९५९ मध्ये तिबेटींना आणि १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या सुमारे एक कोटी लोकांना या देशाने आसरा दिला. मन मोठं होतं, यात वाद नाही. पण कायदा नसला की आसरा प्रत्येक वेळी सरकारच्या मर्जीवर राहतो. नव्या कायद्यासोबत निघालेल्या आदेशात कोणाला सूट द्यायची ते गटागटाने ठरवलं आहे: तिबेटी, ठरावीक तारखेपूर्वी नोंद झालेले श्रीलंकन तमिळ, पाकिस्तान-बांगलादेश-अफगाणिस्तानातून आलेले तिथले अल्पसंख्य. माझं मत असं की जिवाला धोका आहे का, हा प्रश्न माणसागणिक विचारला जावा, गटागणिक नव्हे.

आता नकाशा उलटा करून बघू. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरीकडचे आदिवासी तरुण ओखा, पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेघ आखलेली नसते. पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोट पकडते आणि ही पोरं कराचीच्या तुरुंगात जातात. २०२१ च्या नोव्हेंबरात याच यंत्रणेच्या गोळीबारात पालघरमधल्या वडराईचा एक मच्छीमार ठार झाला. पकडलेल्यांची शिक्षा काही महिन्यांची असते, पण शिक्षा संपून वर्षं उलटली तरी सुटका होत नाही, कारण ते कुठले नागरिक आहेत याची खातरजमा दोन सरकारांत रेंगाळते. मे २००८ च्या करारामुळे दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. घरच्यांना आपला माणूस जिवंत आहे हे पुष्कळदा त्या यादीतूनच कळतं. पाकिस्तानच्या लेखी हा खलाशी बेकायदा घुसलेला परदेशी आहे. आपल्या लेखी तो वाट चुकलेला गरीब पोरगा आहे. दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच त्याला वकील मिळावा, दूतावासाला भेटता यावं, शिक्षा संपताच घरी येता यावं, असं आपण म्हणतो.

कुलभूषण जाधव यांच्या बाबतीत भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो याच मुद्द्यावर. पाकिस्तानने त्यांच्यावर हेरगिरीचा, म्हणजे थेट सुरक्षेचा आरोप ठेवला होता. तरीही १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक अशा मतांनी सांगितलं की वकिलातीशी संपर्क करू न देऊन पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केला. आरोप कितीही गंभीर असो, परदेशी कैद्याचा हा हक्क जात नाही, हे भारताचं म्हणणं जगाने मान्य केलं. तेच म्हणणं भारतातल्या कोठडीतही आपल्याला लागू आहे.

खेड, दापोली, मंडणगड, राजापूरची कितीतरी घरं आखातातल्या पगारावर उभी आहेत. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे तिथल्या मालकाच्या, कपाटात, पगार थकला म्हणून नोकरी सोडली की कफील ‘पळून गेला’ अशी तक्रार करतो आणि कालपर्यंतचा कायदेशीर कामगार एका दिवसात बेकायदा ठरतो. त्या माणसाने काही गुन्हा केलेला नसतो. बेकायदा ठरणं आणि गुन्हेगार असणं यातलं अंतर कोकणाइतकं कोणाला माहीत असणार?

शेवटी रोजच्या व्यवहाराचं. बाग, बोट, खाण किंवा बांधकाम चालवणाऱ्याने कामावर घेतानाच ओळखीचे कागद पाहावेत, प्रती ठेवाव्यात, पोलीस ठाण्यात नोंद द्यावी. बोटीवर तर खलाशांची यादी हवीच. मजुराचे मूळ कागद मात्र स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत. चौकशीच्या दिवशी ते त्याच्याच हातात लागतात. पोलिसांनी कोणाला नेलं तर कुठल्या ठाण्यात, कुठल्या कलमाखाली नेलं ते विचारावं आणि त्याच्या गावच्या पंचायतीला लगेच कळवावं, कारण तिथून आलेल्या एका फोनने, एका दाखल्याने पुष्कळदा काम होतं. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेलं की नाही याकडे लक्ष ठेवावं. कोठडीतल्या माणसाला, नागरिक असो वा परदेशी, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन लावायचा.